टेबल सॉसाठी वरून लटकणारा, हवा तसा सरकणारा गार्ड घरी कसा बनवायचा

टेबल सॉ म्हणजे टेबलातून गोल पातं वर आलेली करवत आणि गार्ड म्हणजे त्या पात्यावरचं झाकण. सॉबरोबर आलेला गार्ड माझ्याकडे पहिले दोन आठवडे सॉवर होता आणि पुढची तीन वर्षं खिळ्याला. कारणं नेहमीचीच. खोबण मारायची म्हटलं की तो पाना घेऊन काढायचा. बारीक पट्टी चिरताना तो फेन्सला, म्हणजे लाकूड ज्याला टेकवून सरळ ढकलतात त्या कडेपट्टीला, अडायचा. वरचं प्लास्टिक भुशाने घासून इतकं धुरकट झालेलं की पातं दिसण्याऐवजी अंदाजाने कळायचं. मग प्लायवूडचा एक भक्कम गार्ड स्वतः बनवला, तोही जड असल्यामुळे त्याच खिळ्याला गेला. तिसरा मात्र टिकला, कारण तो एका हाताने उचलता येतो, दोन मुठी सैल करून बाजूला सरकवता येतो आणि नकोच असेल तेव्हा दहा सेकंदांत बाहेर ओढता येतो. या लेखात तोच आहे. कोणतंही माप किंवा सांधा ठरवताना मी एकच प्रश्न विचारला: यामुळे गार्ड काढून ठेवायचा मोह वाढेल की कमी होईल?

आधी गार्डची हद्द समजून घेऊ. २५४ मिमीचं म्हणजे दहा इंची पातं मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दात्यांचा वेग सेकंदाला सुमारे ५३ मीटर, म्हणजे ताशी १९० किलोमीटर होतो. गार्ड हात त्या दात्यांपर्यंत सहज जाऊ देत नाही, उडणारे तुकडे अडवतो आणि भुसा तोंडावर येऊ देत नाही. किकबॅक मात्र तो थांबवत नाही. लाकूड पात्याच्या मागच्या, वर येणाऱ्या दात्यांवर चढलं की ते उचललं जाऊन आपल्याच दिशेने भिरकावलं जातं. त्याला आवरतो तो पात्यामागचा रायव्हिंग नाइफ, म्हणजे कापलेली चीर मिटू न देणारं पातळ पान. तो पात्यापासून ३ ते ८ मिमीवर असावा, पात्याच्या चकतीपेक्षा जाड आणि कापाच्या रुंदीपेक्षा पातळ असावा. वरून लटकणाऱ्या गार्डचा मोठा फायदा हाच, की तो रायव्हिंग नाइफवर बसलेला नसतो. दोघं आपापलं काम करतात आणि पातं लाकडाच्या वर न येता खोबण मारतानाही गार्ड जागेवर राहू शकतो. तुमच्या सॉवर रायव्हिंग नाइफ नसेल, तर हा गार्ड बनवण्याआधी त्याची सोय करा.

मापं कुठून येतात

गार्डची रचना अशी: सॉच्या बाजूला खांब, त्याच्या डोक्यावरच्या बाहीतून (पाइपच्या आडव्या तुकड्यातून) सरकणारा आडवा पाइप आणि त्या पाइपला पट्ट्यांच्या जोडणीने लटकणारी, पातं झाकणारी पारदर्शक पेटी. खालची मापं दहा इंची पात्याची आहेत. पातं टेबलाच्या वर जास्तीत जास्त ८० मिमी येतं असं धरलं आहे. त्या उंचीला टेबलाच्या पातळीवर पात्याची लांबी साधारण २३६ मिमी दिसते, पातं २५ मिमीच वर असेल तर १५१ मिमी. म्हणजे पेटीचा सपाट तळ २३६ मिमीपेक्षा बराच लांब हवा. मी पेटी ३८० मिमी लांब घेतली. पुढचे ८५ मिमी उताराला जातात आणि २९५ मिमी सपाट तळ उरतो. ही जास्तीची लांबी चैन नाही, तिचं कारण जोडणीच्या भागात येईल.

आतली रुंदी ६० मिमी, उंची ११० मिमी. पेटीचा लाकडी माथा २० मिमी जाडीचा आहे, त्यामुळे आत ९० मिमी मोकळे मिळतात आणि पातं पूर्ण वर असतानाही डोक्यावर १० मिमी अंतर राहतं. रुंदी याहून वाढवली तर पेटी फेन्सला लवकर अडते. कमी केली तर तिरप्या कापाला पातं भिंतीला लागतं. ४५ अंशात पातं पूर्ण वर काढलं तर ते ६० मिमीत मावत नाहीच, पण २० मिमीच्या फळीला तिरपी कड काढण्यापुरतं वर काढलं तर आरामात मावतं. मला तेवढं पुरतं.

साहित्य

खांब आणि बाहीसाठी ५० × ५० × ३ मिमीचा चौकोनी लोखंडी पाइप, आडव्या हातासाठी ४० × ४० × ३ मिमीचा. दोन्ही काळ्या लोखंडाचे घ्या. जस्ताचा मुलामा असलेला पाइप वेल्ड करताना निघणारा धूर फुप्फुसांना वाईट असतो. जोडणीसाठी २५ × ५ मिमीची फ्लॅट पट्टी आणि ५० × ५ मिमीची थोडी रुंद पट्टी. एम ८ चे (८ मिमी व्यासाचे) बोल्ट, नायलॉक (आपोआप सैल न होणारे) नट, नायलॉनचे वॉशर आणि बुश (बोल्टभोवती बसणाऱ्या छोट्या नळ्या). हाताने पिळायच्या एम १० च्या दोन मुठी. ताणाची एक स्प्रिंग. आणि ६ मिमी जाडीची पॉलिकार्बोनेटची शीट.

शीट पॉलिकार्बोनेटचीच हवी. ॲक्रिलिक दिसायला अधिक नितळ असतं आणि चरेही कमी पडतात, पण मार बसला की त्याचे धारदार तुकडे होतात. पॉलिकार्बोनेट वाकतं, खचतं, पण सहसा फुटत नाही. दुकानात दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून एक बारीक तुकडा मागून घेऊन वाकवून पाहा. ॲक्रिलिक कटकन मोडतं.

खांब आणि आडवा पाइप

खांब सॉच्या उजव्या बाजूला, फेन्स जिथपर्यंत जाऊ शकतो त्याच्याही पलीकडे उभा राहतो. फेन्सच्या पलीकडे लाकूड जातच नाही, त्यामुळे चिराईला त्याची अडचण होत नाही. आडव्या कापाला लांब फळी उजवीकडे आली तर मात्र ती खांबाला अडेल. तेव्हा लांब भाग डावीकडे ठेवायचा.

खांब सॉच्या स्टँडलाच, वर-खाली दोन ठिकाणी बोल्टने बांधा. बिडाच्या टेबलाला भोकं पाडू नका, आधीपासून असलेली वापरा. छतावरून किंवा भिंतीवरून आणलेला गार्ड छान दिसतो, पण सॉ जरा हलला की गार्ड पात्याच्या रेषेतून जातो. चाकांवरच्या सॉला तर तो चालणारच नाही. उलट, टेबलावर ठेवायचा हलका सॉ असेल तर खांबाच्या वजनाने तो कलंडू शकतो. तिथे सॉ आणि खांब दोन्ही एकाच जड बाकाला बांधा.

खांबाच्या डोक्यावर ५० मिमीच्याच पाइपचा २५० मिमी लांबीचा तुकडा आडवा वेल्ड करा. ही बाही. तिच्यातून ४० मिमीचा पाइप आत-बाहेर सरकतो. पाइपचा तळ टेबलापासून ३३० मिमीवर यावा आणि तो पात्याच्या मध्यापासून सुमारे ६० मिमी पुढे, म्हणजे आपल्या बाजूला, असावा. माझ्याकडे खांबापासून पात्यापर्यंत ७५० मिमी आहेत, म्हणून पाइप ११०० मिमी घेतला.

इथे बहुतेकजण पाइप वाकेल या भीतीने आणखी जाड पाइप घेतात. हिशेब करून पाहा: ३ किलो वजन ७५० मिमीवर टांगलं तर हा पाइप टोकाला जेमतेम ०.२ मिमी वाकतो. खरी ढिलाई सांध्यात असते. बाहीत १ मिमीचा खेळ राहिला, तर २५० मिमीच्या बाहीमुळे टोकाला तो ३ मिमी होतो. आणि इथे तर दोन पाइपांमध्ये एकूण ४ मिमी फट आहे.

उपाय सोपा आहे. बाहीच्या वरच्या आणि पुढच्या बाजूला एकेक भोक पाडून त्यावर एम १० चे नट वेल्ड करा आणि त्यात हातमुठी बसवा. दोन्ही पिळल्या की आतला पाइप खालच्या-मागच्या कोपऱ्यात दाबला जातो आणि दोन्ही दिशांचा खेळ एकदम संपतो. मुठींच्या टोकाखाली पितळेची चकती ठेवा, नाहीतर पाइपला खड्डे पडतात आणि पुढे मूठ नेमकी त्याच खड्ड्यात घसरते. बाहीच्या आत वेल्डची जी उभी शीर असते, ती लांब कानशीने घासून काढा. मी ते विसरलो होतो. दुपारभर पाइप का अडकतो ते कळेना, शेवटी टॉर्च आत मारून पाहिल्यावर कळलं.

समांतर जोडणी

पेटी वर जाताना टेबलाशी समांतर राहायला हवी. साधी बिजागरी लावली तर नाक वर होतं आणि पातं पुढून उघडं पडतं. म्हणून दोन समांतर पट्ट्यांची जोडणी, टेबल लॅम्पच्या हातासारखी.

२५ मिमीच्या पट्टीचे २३० मिमी लांबीचे चार तुकडे कापा. दोन वरचे, दोन खालचे. चारही एकावर एक रचून शिकंजात आवळा आणि एकाच वेळी आरपार भोकं पाडा, मध्य ते मध्य २०० मिमी. माप १९९ झालं तरी बिघडत नाही, पण चारही पट्ट्या एकसारख्याच हव्यात. एकेक पट्टी आखून वेगवेगळी भोकं पाडलीत, तर जोडणी अर्ध्यात आखडते आणि मग माणूस भोक कानशीने मोठं करत बसतो. तिथून ढिलाई सुरू होते.

रुंद पट्टीपासून दोन उभ्या प्लेट बनवा, दोघींना भोकं एकाखाली एक, ६० मिमी अंतरावर. तीही दोन्ही प्लेट एकत्र आवळूनच पाडा. पहिली प्लेट आडव्या पाइपच्या टोकाला झाकणासारखी वेल्ड होते. तिची भोकं टेबलापासून २४० आणि ३०० मिमीवर यावीत. दुसरी L आकारात वाकवून पेटीच्या माथ्यावर, पेटीच्या नाकापासून ३५० मिमीवर आणि उजव्या कडेला बसते. पेटी टेबलावर टेकलेली असताना तिची भोकं १५० आणि २१० मिमीवर येतात. प्रत्येक प्लेटच्या दोन्ही अंगांना एकेक पट्टी, मध्ये बुश, बाहेर नायलॉनचा वॉशर, शेवटी नायलॉक नट. नट इतकाच आवळा की पट्टी स्वतःच्या वजनाने सावकाश खाली येईल.

भोकं एकाखाली एक का, शेजारी शेजारी का नाहीत? पेटी पूर्ण वर गेली की पट्ट्या आडव्या होतात. भोकंही आडव्या रेषेत असती तर त्या क्षणी सगळं एका रेषेत आलं असतं आणि जोडणी समांतर राहायची सोडून कात्रीसारखी उलटली असती.

दुसरी गोष्ट दिशेची. पाइप पुढे आणि पेटी त्याच्या मागे, म्हणजे पट्ट्या आपल्यापासून दूर आणि खाली झुकलेल्या. चाकांची बॅग पायरीवर ढकलली तर अडते, ओढली तर चढते, तसंच हे आहे. लाकूड पेटीला मागे रेटतं तेव्हा झुकलेल्या पट्ट्या तिला मागे आणि वर नेतात. उलट लावल्या तर तोच रेटा पेटीला लाकडात खुपसतो. त्यामुळे पट्ट्या आडव्याच्या वर जाऊ द्यायच्या नाहीत. ९० मिमीची पूर्ण चाल आडव्याच्या खालीच ठेवली आहे. याची किंमत म्हणजे पेटी वर जाताना सुमारे २१ मिमी मागे सरकते. तळाची जास्तीची लांबी यासाठीच होती.

पेटी

पॉलिकार्बोनेटच्या दोन भिंती, ३८० × ११०. वरची संरक्षक फिल्म शेवटपर्यंत काढू नका. दोन्ही भिंती चिकटपट्टीने एकत्र बांधून बारीक दात्याच्या पात्याने कापा. पुढचा खालचा कोपरा ८५ मिमी लांब आणि ६० मिमी उंच असा तिरका उडवा, म्हणजे साधारण ३५ अंशांचा उतार मिळतो. याहून उभा उतार केला तर लाकूड थबकतं. ६० मिमीहून जाड लाकडाला पेटी हाताने उचलूनच वर ठेवावी लागते. कापलेल्या सगळ्या कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, कारण या प्लास्टिकला तडा बारीकशा खाचेतूनच सुरू होतो. खालच्या कडा गोल करून मेण चोळा.

माथा म्हणजे कठीण लाकडाची ३८० × ६० × २० ची फळी. भिंती तिच्या दोन्ही बाजूंना एम ५ च्या स्क्रूने बसतात, पण भिंतीतलं भोक ६ मिमीचं पाडा. प्लास्टिक उन्हाथंडीत लोखंडापेक्षा पुष्कळ जास्त फुगतं-आकसतं, त्याला जागा हवी. बुडत्या डोक्याचे स्क्रू वापरू नका. ते पाचरीसारखे बसून चीर पाडतात. चपट्या डोक्याचा स्क्रू आणि खाली वॉशर, हे बरं. उतारावर पॉलिकार्बोनेटचाच तुकडा आडवा लावून पुढची बाजू बंद करा. त्याला आतून कोपऱ्यात लाकडाच्या बारीक पट्ट्यांचा आधार द्या. मागची बाजू रायव्हिंग नाइफसाठी उघडी.

स्क्रू-बोल्ट सगळे माथ्याच्या लाकडात, पात्याच्या वाटेच्या वर. मागच्या प्लेटच्या बोल्टांची डोकी आतून लाकडात बुडवा. उद्या काही चुकलंच तर पात्याला आधी लाकूड आणि प्लास्टिक लागावं, लोखंड नाही.

आणि एक चूक माझ्याकडून झालेली. स्क्रू सुटू नयेत म्हणून मी आट्यांना घट्ट करणाऱ्या द्रवाचा एकेक थेंब लावला. पंधरवड्यात प्रत्येक भोकाभोवती चांदणीसारख्या बारीक रेषा उमटल्या आणि एक भिंत बोटाने दाबताच तडकली. तो द्रव, थिनर आणि ॲसिटोन, तिन्ही पॉलिकार्बोनेटला मारक. पुसायला साबणाचं पाणी आणि मऊ फडकं.

वजन तोलणं

सगळं जोडल्यावर पेटी हाताला जड वाटेल. ते वजन स्प्रिंगवर घ्यायचं. पाइपकडच्या वरच्या बोल्टपासून पेटीकडच्या खालच्या बोल्टपर्यंत, म्हणजे चौकटीच्या कर्णावर, ती लावा. पेटी खाली असताना हे अंतर सुमारे २३३ मिमी असतं, वर असताना २०९. पेटी वर जाते तशी स्प्रिंग आखडते आणि उचलायला मदत करते. एका टोकाला तीन-चार भोकांची पट्टी ठेवली तर ताण कमी-जास्त करता येतो.

नाकाखाली स्वयंपाकघरातला वजनकाटा ठेवून पाहा. ४०० ते ५०० ग्रॅम उरलं पाहिजे. याहून हलकी झाली तर पेटी लाकडावर थडथड उडते. जड राहिली तर पातळ फळी आत शिरताना अडते. स्प्रिंगने पेटी आपोआप वर उचलली जात असेल तर ताण नक्कीच जास्त आहे.

पुढच्या वरच्या बोल्टला साध्या नटाऐवजी हातमूठ लावली की पेटी हव्या उंचीला थांबवता येते. पातं बदलताना याचा उपयोग होतो. पेटी लाकडावर न टेकवता ६-७ मिमी वर ठेवून कापायचं असेल तेव्हाही होतो.

व्हॅक्यूमचा पाइप जोडण्यासाठी माथ्याला ५० मिमीचं भोक पुढच्या अर्ध्यात पाडा. पात्याचे वरचे दाते आपल्याकडे येतात आणि भुसाही तिकडेच फेकतात. होज आडव्या पाइपला सैल बांधा, ओढ पेटीवर यायला नको.

पहिल्यांदा चालवण्याआधी

सॉचा प्लग काढा. पेटी खाली टेकवून तळाखाली चार कोपऱ्यांत कागदाचे तुकडे ठेवा. चारही सारखेच अडले पाहिजेत. पातं पूर्ण वर काढून हाताने एक फेरा फिरवा. मग पेटीला बाजूने अंगठ्याने चांगलं दाबा. माझी ३ मिमीच्या आत हलते, म्हणून पात्यापासून भिंत ८ मिमीपेक्षा जवळ आणायची नाही असा माझा नियम आहे. तुमची जास्त हलत असेल तर आधी बाही आणि बुश पाहा. हेच सगळं पातं तिरपं करूनही करा. मग प्लग लावून, बाजूला उभं राहून, लाकूड न घालता दोन मिनिटं चालवा आणि प्लग काढून प्रत्येक नट पुन्हा तपासा.

वापरताना बाजूची सरक सगळ्यात कामाला येते ती बारीक पट्टीला. पेटी मधोमध असेल तर तिची उजवी कड पात्यापासून साधारण ३५ मिमीवर येते, त्याहून अरुंद पट्टीला ती फेन्सला अडते. पेटी डावीकडे सरकवून उजवी भिंत पात्यापासून ८ मिमीवर आणली की भिंतीच्या जाडीसकट १४ मिमी लागतात. म्हणजे १५ मिमीची पट्टीही गार्डखाली निघते. पण तेव्हा पुश स्टिकची, म्हणजे लाकूड ढकलायच्या काठीची, जागा अरुंद असते. ती आधीच पातळ कापून ठेवा आणि शेवटच्या ३०० मिमीला हात नाही, काठीच. त्याहूनही अरुंद पट्टी हवी असेल तर ती पात्याच्या डाव्या बाजूला पडेल अशी फेन्स लावा. पाइपवर मधली जागा आणि ही डावीकडची जागा, अशा दोन खुणा कानशीने करून ठेवल्या की मोजत बसावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की असू द्या. जी पेटी लाकडावर चढते, ती हातावरही चढते. उताराला बोट लागलं तर पेटी कुलूप लावल्यासारखी अडवणार नाही, फक्त स्पर्शाने सांगेल. पातळ फळ्या एकामागून एक चिरायच्या असतील, तेव्हा मी पेटी उंचीला पक्की करून टाकतो ती म्हणूनच.

उभ्या फळीला चूल, म्हणजे सांध्याच्या खाचेत बसणारी जीभ, काढायची असेल किंवा लाकूड धरणारा उंच जिग वापरायचा असेल, तर गार्ड काढावाच लागतो. मुठी सैल करा आणि पाइप बाहेर ओढा. काम संपल्यावर तो परत खुणेवर घालायला तेवढाच वेळ लागतो. माझ्या भिंतीवरचा खिळा अजून आहे, त्यावर सध्या पुश स्टिक असते. भिंती घासून धुरकट झाल्या की बदलायच्या. त्यासाठी पहिल्याच दिवशी ३ मिमी प्लायचं, भोकांसकट एक टेम्प्लेट कापून ठेवा.